नकल पायजे, भाऊ!

हसा तुम्ही, पण मले तवा रडू येऊन राहिलं होतं. पोरीच्या नर्सिंगच्या अर्जाची उद्या शेवटची तारीख, अन् तिच्या जन्माच्या नोंदीची नकल काही भेटून नाही राहिली. सौसरहून पांढुर्ण्याच्या चकरा मारून चपला घासल्या. दफ्तरात एकच उत्तर, "रजिस्टर सरकारी आहे, नंतर या."

त्या दिवशी खिडकीत नवा बाबू होता. म्हटलं, "भाऊ, नकल पायजे."

त्यानं मान वर केली. "गुरुजी! नकल मारली म्हणून तुम्हीच मले परीक्षेतून हाकललं होतं नं?"

मनात म्हटलं, आता गेली नकल! पण त्यानं रजिस्टर काढलं, माझ्यासमोर नोंद उतरवली अन् ठप्पा मारला. जीवात जीव आला.

तपासून म्हटलं, "एका मात्रेचीही चूक नाही रे!"

म्हणे, "सराव तुमच्याच वर्गातला आहे, गुरुजी!"