किसणीवरचा शर्ट

आई : ताई, आधी दार लाव आणि मग बोल. शेजारीण कान टवकारूनच बसलेली असते.

मावशी : लावलं. आता सांग. फोनवर नुसतं "ये, लवकर ये." हॉस्पिटलच्या वॉर्डातून तशीच धावत आलेय, कपडेसुद्धा बदलले नाहीत. टिल्लीला काय झालंय?

आई : काही झालंय की नाही तेच तर कळत नाही! ही पिशवी बघ. झाडायला वाकले तर तिच्या पलंगाखाली, अगदी भिंतीला चिकटवून ठेवलेली.

मावशी : शर्ट आहे.

आई : फाटलाय. कडेला जळलाय. आणि ते डाग, तपकिरी. मी बाहेर काढलाच नाही. हात लावायची हिंमत होईना.

मावशी : पुरुषाचा दिसतोय.

आई : म्हणूनच तर तुला बोलावलं! कोण हा पुरुष? कुठे आहे? आणि त्याचा रक्ताने माखलेला शर्ट माझ्या घरात काय करतोय?

मावशी : थांब, थांब. एका शर्टावरून लगेच खुनापर्यंत पोचू नकोस.

आई : नुसता शर्ट नाही. ही पुस्तकं बघ. ग्रंथालयातून आणते. दोन नेऊन देते, दोन नवी आणते.

मावशी : बाप रे, विटा आहेत की पुस्तकं! हे काय... पडलेला पूल. पाण्यात बुडालेला दवाखाना. बसच्या टपातून झाड उगवलंय.

आई : पहिल्या पानापासून शेवटपर्यंत हेच. जग बुडालं, माणसं गेली, उरली ती चिंध्या घालून फिरतायत. एकोणीस वर्षांच्या पोरीने बघायची चित्रं आहेत का ही? हे गेल्यापासून आधीच घुमी झालीय. "काय बघतेस गं?" विचारलं की "काही नाही." जेवतानाही पुस्तक मांडीवर. ताई, खरं सांगू? शर्टाचं एक वेळ पोलीस बघतील. मला भीती वेगळीच वाटतेय. हिला जगावंसंच वाटत नाहीये.

मावशी : असलं काही तोंडातून काढू नये. दे ती पिशवी.

आई : काय करतेस?

मावशी : वास घेतेय. हे रक्त नाही.

आई : कशावरून?

मावशी : इतकी वर्षं वॉर्डात काय गवत उपटत होते? घे, तूच घे वास.

आई : हा तर... चहा?

मावशी : चहा. आणि वर तुझ्या शिलाई मशीनचं तेल. तुझ्या लेकीने कुणाचा जीव घेतलाच असेल, तर चहात बुडवून घेतलाय.

टिल्ली : आई! दार का लावलंय भरदुपारी? (मावशी दार उघडते.) मावशी, तू कशी काय आज... ए, ए! ती पिशवी कुणी काढली?

आई : मी काढली. बस इथे. खरं सांग, मी मारणार नाही, ओरडणार नाही. कुणाचा शर्ट आहे हा?

टिल्ली : कुणाचा म्हणजे... माझं काम आहे ते.

आई : कसलं काम? लोकांचे शर्ट जाळायचं?

टिल्ली : हो. म्हणजे जाळायचं, फाडायचं, मळवायचं. जुनं करायचं. अगं, सिनेमाच्या कपडेपटात अशी माणसं असतात. नवा शिवलेला कपडा त्यांच्याकडे येतो आणि ती तो वर्षानुवर्षं वापरल्यासारखा करून देतात. उद्या मला त्यांनी बोलावलंय. शिकाऊ म्हणून घेतात का बघायला.

मावशी : म्हणजे खून नाही.

टिल्ली : कुणाचा खून?

मावशी : काही नाही गं. तुझ्या आईने केस उभी केली होती, वकील तेवढा यायचा होता.

आई : तू गप्प बस. टिल्ले, माझ्याकडे बघ. तुला... तुझं मन बरं आहे ना? काही वेडंवाकडं तर नाही ना डोक्यात?

टिल्ली : वेडंवाकडं म्हणजे? ...आई. अगं आई, रडतेस काय? नाही गं! तसलं काहीही नाही. शप्पथ.

आई : मग सांगायला तोंड नव्हतं? मी इथे मशीनवर बसून रोज काय काय विचार करत होते तुला माहितीय? एका गिऱ्हाइकाची डावी बाही उजवीकडे लावून ठेवली!

टिल्ली : निवड झाल्यावर सांगणार होते. नाहीच झाली तर कुणाला कळायला नको म्हणून.

मावशी : शाब्बास. आणि तोवर आईने देवाघरी जायचं. ती पुस्तकं कसली मग?

टिल्ली : सिनेमा काढायच्या आधी चित्रकार बसून ते जग कागदावर काढतात ना, त्याची. हे बघ, ही एकच गल्ली. इथे वाळूखाली गेलीय, इथे पाण्याखाली, इथे नुसतीच ओस. कोपऱ्यात कुणीतरी लिहिलंय, "फार सुंदर दिसतेय, घाण करा."

आई : घाण करा! आणि मी सकाळपासून केर काढतेय.

टिल्ली : सिनेमे मला बघवत नाहीत. खरंच. दोन पाहिले आणि अर्ध्यातून उठले. पण पुस्तकात भीती वाटत नाही. सिनेमात जग संपतं. इथे ते कुणीतरी पेन्सिलने संपवतं, खोडतं, पुन्हा काढतं. मागच्या पानांवर फोटो आहेत, बघ. कोसळलेल्या पुलाखाली सुतार डबा खात बसलेत. पूल लाकडाचा.

मावशी : आणि या चित्रातली बाई मोटारीच्या फुटक्या काचेखाली काय लावतेय?

टिल्ली : टोमॅटो. तेच तर मला आवडतं. बाबा गेले तेव्हा मला वाटलं, संपलं आता सगळं. सगळे म्हणत होते काळ जाऊ दे, काळ जाऊ दे. पण पुढे करायचं काय ते कुणी सांगेना. या पुस्तकांत तेवढंच असतं. संपून गेल्यानंतर माणसं काय करतात. कुठे झोपतात, पाणी कशात साठवतात, तुटलेला पट्टा कशाने बांधतात. कुणीतरी बसून त्या सगळ्याचा विचार केलाय. ते बघितलं की मला झोप लागते.

आई : झोप लागते? हे बघून?

टिल्ली : हो.

आई : आणि मी पलीकडे जागी. धन्य आहे बाई तुझी! हुश्श. ताई, पाणी दे गं मला. छातीवरचा दगड उतरला. पण एक कळलं नाही. मी नवे कपडे शिवून पोट भरायचं आणि माझ्या लेकीने ते फाडून भरायचं?

मावशी : घरचाच धंदा झाला. तू इकडून शीव, ती तिकडून उसवेल.

टिल्ली : नुसतं फाडायचं नसतं गं. कपडा कुठे झिजतो ते शोधायचं. कोपरं मी किसणीवर घासली.

आई : किसणीवर? माझ्या? आठवडाभर मी घर पालथं घालतेय!

टिल्ली : माझ्या दप्तरात आहे. दोन दाते वाकलेत फक्त.

आई : दोन दाते वाकलेत फक्त! आण तो शर्ट इकडे. बघू तरी, किसणीचा जीव घेऊन काय दिवे लावलेत.

टिल्ली : आई, तो नको. मी तुला नंतर...

आई : अगं, मी रागावत नाहीये. आण.

(आई शर्ट मशीनच्या फळीवर पसरते.)

आई : कॉलर बरी झिजवलीस. खोटी वाटत नाही. पण या एकाच बाहीचा रंग का उडालाय? दुसरी गडद आहे.

टिल्ली : ती खिडकीकडची.

आई : कसली खिडकी?

टिल्ली : बसची. चालवताना ऊन त्याच बाजूने यायचं ना.

मावशी : टिल्ले...

आई : आणि खिसा असा लोंबतोय तो...

टिल्ली : चष्म्याच्या डबीने. ओला करून, आत डबी घालून टांगून ठेवला होता.

आई : ही काजं माझी आहेत.

मावशी : अगं, काजं काय, सगळ्यांची सारखीच...

आई : ताई, मी माझी काजं ओळखणार नाही? गिऱ्हाइकांना मशीनची. हाताची फक्त ह्यांनाच घालून द्यायचे. टिल्ले, कुठून आणलास हा?

टिल्ली : पेटीतून. वरचा होता तो.

मावशी : तो शिवून ठेवलेला? अंगात न घातलेला?

टिल्ली : हो. कपडेपटवाल्यांनी सांगितलं होतं, जग संपून दहा वर्षं झाली आहेत, एका माणसाचा एक कपडा घेऊन या. माणूस कोण ते सांगायचं नाही, आम्ही कपड्यावरून ओळखू. मी खूप विचार केला. दुसरा माणूसच सुचेना. बाबांनी तो एकदाही घातला नव्हता. म्हटलं, घालू दे त्यांना दहा वर्षं.

मावशी : अगं पण विचारायचंस तरी!

टिल्ली : विचारलं असतं तर ही नाही म्हणाली असती.

आई : म्हणालेच असते.

टिल्ली : मला माहितीय हे आता धुऊन निघणार नाही. आई, चिडलीस तरी चालेल.

मावशी : रागावू नकोस गं तिच्यावर.

आई : रागावू कशाला? ती पेटी उघडली की हा वरच असायचा. कडक इस्त्रीचा, घडीसुद्धा न मोडलेला. मी लगेच झाकण लावून टाकायचे. शाली आतच राहिल्या, थंडीत कुडकुडले, पण पेटी नाही उघडली. तेव्हा मला हा बघवत नव्हता, टिल्ले. आता बघवतोय. आत्ताच अंगातून काढून खुंटीला अडकवल्यासारखा वाटतोय.

टिल्ली : म्हणजे... उद्या नेऊ?

आई : ने. पण ती माणसं शर्ट ठेवून घेतात का गं?

टिल्ली : माहीत नाही. काही जणांचं ठेवतात म्हणे.

आई : मग मीही येते. तू आत जाऊन दाखव काय दाखवायचं ते, मी बाहेर बसेन. काम देवोत न देवोत, शर्ट घेऊन घरी यायचं.