खोड नाही म्हणाला निंगाप्पा

(परशुराम गावडे, उणकल, हुबळी. त्यांनी सांगितलं तसं उतरवलं.)

माझा जन्म अळनावरच्या बाजूच्या एका गावातला, गाव एवढं लहान की कुत्र्यानं शेपूट हलवली तर ती शेजारच्या गावात जायची. आमचे आप्पा मजुरी करायचे आणि मजुरी नसेल त्या दिवशी चिंचेखाली बसून लोकांची जू, नांगर, पाभर घडवायचे. त्यांच्या तासणीच्या ढलप्यात मी रांगलो. पण देवानं मला हात दिले नाहीत बघा, जीभ दिली. पंधराव्या वर्षी हुबळीला आलो आणि अमरगोळच्या बाजारात बैलांची दलाली धरली ती चाळीस वर्षं. काय सांगू तुम्हाला, डोळ्यावर पट्टी बांधून नुसत्या शेपटीच्या फटक्यावरून मी बैलाचं वय सांगायचो. लंगडा बैल मी, हा विचार करत चालतो, असं सांगून विकलाय, आणि घेणाऱ्यानं तो कौतुकानं नेलाय.

पण आमच्या धंद्याची एक रीत होती, ती आधी ऐका. सौदा पक्का व्हायच्या आधी घेणाऱ्यानं जनावराच्या पाठीवर हात ठेवून विचारायचं, खोड काय. मारतो, बसतो, बुजतो, जे असेल ते तेव्हा खरं सांगायचं. तोवर पाहिजे तेवढ्या थापा मारा, पाठीवर हात आला की थाप बंद. मी ही रीत पाळली. लिहून घ्या, पाळली. पुढचं पुढं बघू.

मग ट्रॅक्टर आले. बाजारात बैलांपेक्षा दलाल जास्त दिसायला लागले. उणकलला घरामागं माझी पत्र्याची शेड आहे, बैल उतरवायला बांधलेली, ती ओस पडली. बायको, आमची सुशीला, म्हणाली, खोली काढू या, भाडेकरू ठेवू या. मी म्हटलं, ठेवीन, पण आधी मला आप्पांचं काम करून बघू दे. आयुष्यभर बोलून खाल्लं, आता जरा हातानं काहीतरी करतो. ती म्हणाली, दसऱ्यापर्यंत करा काय करायचं ते, मग भाडेकरू.

हातानं रंधा मारायला या वयात खांदा राहिलेला नाही. म्हणून लोखंडी टेबलाची करवत मशीन पाहिजे होती, टेबलाच्या पोटातून गोल पातं वर आलेलं असतं ती. नवी परवडणारी नव्हती. अळनावरच्या पलीकडं निंगाप्पा म्हणून एक माणूस जुनी काढतोय असं कळलं. दारं-खिडक्या करायचा, आता पोराकडं बेंगळुरूला अर्धं वर्ष राहायचं म्हणून दुकान बंद. गेलो. मशीनवर सहा कोंबड्या बसलेल्या. मी म्हटलं, अण्णा, ही लाकूड कापते की अंडी घालते. तो हसला नाही.

मी पात्याचे दात बघितले, टेबलाच्या कडेवरून हात फिरवला, खाली वाकून पाय बघितले, सगळं बैलासारखं. मग सवयीनं टॉवेल काढला, त्याच्या हातावर टाकला आणि आत त्याची बोटं धरली. बाजारात भाव असाच ठरतो, तोंडानं नाही, जितकी बोटं धराल तितका आकडा. मला चार धरायची होती, हातात तीनच आली. परत चाचपलं. तीनच. करंगळी आणि शेजारचं बोट मुळापासून नव्हतं. पण तोंड माझं, ते कुठं ऐकतंय, मी म्हटलं, अण्णा, भाव आखडता घेतलास. मग तोंडी बोलून ठरवलं.

शेवटी मशीनवर हात ठेवून मी विचारलं, खोड काय. बोटं खाल्ली ना हिनं.

निंगाप्पा सावकाश म्हणाला, हिला खोड नाही. बोटं हिनं नाही खाल्ली. तू दिलेल्या पांढऱ्यानं नेली.

खरं सांगतो, मला तो माणूस आठवला नाही, बैल मात्र लगेच आठवला. पांढरा, काळ्या नाकाडाचा, मोराच्या मानेचा. अठरा वर्षं झाली. लॉरीचा भोंगा ऐकला की बुजून पळायचा, आणि हे मला त्याच्या मालकानं कानात सांगितलं होतं. निंगाप्पानं पाठीवर हात ठेवून विचारलं तेव्हा मी म्हटलं होतं, खोड नाही. का, तर माझा हिशेब असा की ह्याच्या गावात बसच जात नाही, लॉरी कुठून येणार. त्यानंच सांगितलं, त्याच वर्षी रस्ता झाला आणि लाकडाची लॉरी आली. कासरा ह्याच्या हाताला गुंडाळलेला होता, बैल पळाला तो दोन बोटं घेऊन.

त्यानं पुढं काही विचारलं नाही. नांगर धरता येईना म्हणून ही मशीन घेतली, हिला तळव्यानं ढकललं तरी चालतं, एवढंच बोलला. मी सौदा मोडला असता तर कबूल केल्यासारखं झालं असतं. घेतली. टेम्पोत चढवताना त्यानं बेल्ट काढून घरात खुंटीला टांगला, म्हणाला, बैल दिला तरी आम्ही दावं देत नाही. बरोबर आहे, रीत आहे. पण माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला, की हा माणूस अठरा वर्षं माझी वाट बघत होता, आणि ह्या मशीनमध्ये त्यानं माझ्यासाठी काहीतरी ठेवलंय.

मग मी जे केलं ते कुणी म्हशीला केलं नसेल. डिझेल आणि पॉलिश पेपर घेऊन घासायला बसलो. कोंबड्यांची शीट, तिच्याखाली गंज, गंजाखाली सतरा दसऱ्यांचं हळदकुंकू, इतकं जाड की खरवडताना मला वाटलं खाली मूर्तीच निघणार. बेरिंग बदलली, मोटार बांधून आणली, नवं पातं, नवा बेल्ट. प्रत्येक नट काढून उन्हात धरून बघितला, खोड कुठं लपवलीय म्हणून. सुशीला म्हणायची, बैल संपले, आता लोखंडी म्हैस आणलीय, दूध कधी काढणार. दसऱ्याला चार दिवस उरले तेव्हा टेबल आरशासारखं झालं. पाच रुपयांचं नाणं त्यावर कडेवर उभं केलं, मशीन चालू केली, नाणं हललं नाही. मी सुशीलाला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, नाणं उभं करायला एवढा खर्च.

मग पहिली फळी लावली. अर्धी गेली, आणि मशीननं लाथ मारली. फळी माझ्या बरगडीजवळून सुटली ती पत्रा फाडून बाहेर, पत्रा आडवा आला म्हणून, नाहीतर उणकलच्या तळ्यात मासे मेले असते. पण मी आतून खूश झालो बघा. सापडली. तोही खोटं बोलला, मीही बोललो, फिटंफाट. तिथूनच फोन लावला, म्हटलं, निंगाप्पा, तुझी मशीन लाथ मारते.

 तो म्हणाला, गाईडच्या मागच्या बोल्टाखाली पत्र्याची पट्टी होती, ती कुठं आहे. गाईड म्हणजे पात्याशेजारचा लोखंडी दांडा, ज्याला टेकवून लाकूड सरकवतात. मी म्हटलं, होता एक मळका तुकडा, टाकून दिला. तो म्हणाला, हात लावू नको, येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं आला. खिशात बिस्किटाच्या डब्याचा कापलेला तुकडा. गाईड मागच्या बाजूला केसभर आत येत होता, लाकूड पात्यात चिमटत होतं. त्यानं तुकडा बसवला, तीन बोटांनी बोल्ट आवळला, फळी लावली आणि तळव्यानं ढकलली. लोण्यातून सुरी जावी तशी गेली. मशीनला खोड नव्हती. तो खरं बोलला होता.

मशीन बंद करून त्यानं माझ्याकडं बघितलं. म्हणाला, मी तुला सांगितलं. आता तू सांग, खरे हेळ, खरं बोल, त्या बैलाची खोड तुला ठाऊक होती?

भर बाजारात हजार लोकांपुढं थापा मारलेली ही जीभ. बाजूला सुशीला चहा घेऊन उभी. मला दहा उत्तरं सुचली, एकापेक्षा एक चांगली.

मी म्हटलं, होती.

मला वाटलं मारेल. तो स्टुलावर बसला. म्हणाला, अठरा वर्षं घरात ऐकतोय, कासरा हाताला कुणी शहाणा गुंडाळतो का. सासुरवाडीत ऐकतोय. मलाही तसंच वाटत आलं, की बैल गरीब होता, माझीच अक्कल कमी पडली. आता हे माझ्या बायकोला येऊन सांग.

गेलो. सुशीलाही आली, म्हणाली, तुम्ही वाटेत गोष्ट बदलाल. त्याची बायको गंगव्वा दारात तांदूळ निवडत बसली होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, आयुष्यातली माझी सगळ्यात लहान गोष्ट, तिला ना शेपूट ना शिंगं. तिनं मला बस म्हटलं नाही. निंगाप्पाचा तो हात आपल्या मांडीवर घेतला. आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, नुसतं बोलणं म्हणजे रिकामं सूप वाजवणं, त्यानं पोट भरत नाही. पाट कर चार. जेवायला बसायचे. डुगडुगता कामा नये.

दसरा होऊन गेला, भाडेकरूचं नाव सुशीलानं परत काढलेलं नाही. पाट करतोय. पहिला पाठवला तो बसच्या कंडक्टरबरोबर परत आला, एक पाय तांदळाएवढा आखूड. दुसरा परत आला, का ते कळवलंच नाही. मी बोलून कुणालाही काहीही गळी उतरवलंय, पण त्या बाईपुढं लाकडालाच बोलावं लागतं. तिसरा मंगळवारी पाठवला. आज शुक्रवार, अजून आलेला नाही. चौथ्याची फळी लावून ठेवलीय, तुमचा चहा झाला की कापतो. जरा बाजूला उभे राहा, पात्याच्या रेषेत नको. देव तुमचे हात शाबूत ठेवो.