पान दोनशे अकरा

बाई : '...आपलं सविस्तर पत्र मिळालं. इतक्या बारकाईनं वाचणारा वाचक लाभणं हे माझं भाग्य. आपल्या सूचनेचा पुढच्या आवृत्तीत अवश्य विचार करीन. कळावे, लोभ असावा.' झालं.

काका : झालं?

बाई : हो. खाली सही आहे. छान ठसठशीत आहे.

काका : कागदाच्या किती बाजू लिहिल्यात?

बाई : दोन. म्हणजे... लेखिकाबाईंचं अक्षर मोठं आहे, काका.

काका : बाई, हे पत्र सकाळी आलं. तुम्ही येता चार वाजता. मला काही धीर निघेना. शेवटी खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांना वर बोलावलं. त्यांच्यासारखं वाचन मी जन्मात ऐकलं नाही. एकेक शब्द मुळासकट उपटून बाहेर ठेवतात. आत कण राहत नाही.

बाई : अगंबाई.

काका : त्यांनी वाचलं त्यात 'भाग्य' हा शब्द नव्हता.

बाई : डॉक्टरांनी सगळं वाचलं?

काका : सगळं. संपल्यावर चूळ भरा म्हणतात की काय, असं वाटलं मला. आता तुम्ही वाचा.

बाई : तुम्हाला माहितीच आहे सगळं, तर कशाला पुन्हा?

काका : माझे डोळे गेल्याला दोन वर्षं झाली. दोन वर्षं पुस्तकातली झाडून सगळी माणसं माझ्याशी तुमच्या आवाजात बोलतात. चोर, राजे, घटस्फोट घेणाऱ्या बायका, झाडावरचा पोपटसुद्धा. मग मला शिव्या देणारी बाईही तुमच्याच आवाजात बोलू दे.

बाई : 'आपलं पत्र मिळालं. कादंबरीतली म्हातारी अर्ध्यातच नाहीशी होते, लेखिका आपलंच पात्र विसरली, असं आपण लिहिलंत. म्हातारी नाहीशी होत नाही. चौदाव्या प्रकरणात, पान दोनशे अकरापासून पुढे, ती इस्पितळात मरते. त्यानंतर ती दिसत नाही, कारण माझ्या कादंबरीत मेलेली माणसं परत येत नाहीत.'

काका : थांबा. मला तुम्ही तेराव्यानंतर काय वाचून दाखवलंत?

बाई : पंधरावं.

काका : आणि मी म्हणालो, हे प्रकरण जरा अचानक सुरू झालं. तेव्हा तुम्ही काय म्हणालात?

बाई : म्हटलं, हल्ली असंच लिहितात.

काका : आणि मला ते पटलं! अडतीस वर्षं वर्तमानपत्रात पुस्तकांची परीक्षणं लिहिलेला माणूस मी, मला पटलं. मग तीन पानांचं खरमरीत पत्र मी सांगितलं आणि तुम्ही लिहून घेतलंत. 'लेखिकेचं लक्ष कुठे होतं' हे वाक्य मी दोनदा घातलं.

बाई : मी एकदाच लिहिलं.

काका : पण पत्र पेटीत टाकलंत ना! टाकलंच नसतं तर हे सगळं टळलं असतं.

बाई : असं कसं, काका? पुस्तकातलं गाळणं वेगळं. तुमचं पत्र न टाकणं म्हणजे लबाडीच झाली असती.

काका : वा. म्हणजे काही नियम होते तर. कधीपासून गाळताय?

बाई : पहिल्या महिन्यापासून. ते बोटीवरच्या आजोबांचं पुस्तक आठवतं?

काका : शेवटी किनाऱ्यावर उतरतात आणि नातीला हाक मारतात.

बाई : ते उतरत नाहीत.

काका : बुडतात?

बाई : नाही, बिछान्यात जातात. शांतपणे. पण तुम्ही समोर आरामखुर्चीत, पायावर शाल घेऊन बसलेले. तुमचं वय ऐंशी, त्यांचं एकोणऐंशी. माझ्यानं वाचवेना. मग हाक मी माझ्या मनानं घातली.

काका : ती हाक मला फार आवडली होती. मी दातांच्या डॉक्टरांना पाठ म्हणून दाखवली होती. आणि तो घड्याळं दुरुस्त करणारा म्हातारा?

बाई : गेला.

काका : निवृत्त न्यायाधीश?

बाई : दुसऱ्याच प्रकरणात. पुढे पुस्तकभर नुसत्या त्यांच्या आठवणीच आहेत. त्या मी 'परवाच ते म्हणाले' अशा करून वाचल्या. खूप त्रास झाला त्या पुस्तकाचा.

काका : दोन वर्षांत एकही म्हातारा मेला नाही. मला वाटलं, साहित्यानं काहीतरी नवं वळण घेतलंय. मी त्यावर लेख सांगणार होतो तुम्हाला. 'आजच्या कथेतील चिवट वृद्ध.'

बाई : मला लाज वाटते, काका.

काका : थोडी राखून ठेवा. मागची बाजू वाचा.

बाई : मागची राहू दे. ती तुमच्याबद्दल आहे.

काका : म्हणूनच.

बाई : 'बावीस वर्षांपूर्वी माझ्या पहिल्या कादंबरीवर आपण लिहिलं होतंत. मथळा होता, माणसं न कळलेली लेखिका. दोन बहिणींमधलं नातं मला जराही उमगलेलं नाही, असं आपलं म्हणणं होतं. ते बरोबरच आहे. माझ्या कादंबरीत बहिणी नाहीत. दोन शेजारणी आहेत. पुस्तकाच्या मलपृष्ठावरच्या मजकुरात छापणाऱ्याच्या चुकीनं बहिणी असं पडलं होतं. ती चूक पुस्तकात आणखी कुठेच नाही.' काका, पाणी देऊ?

काका : वाचा.

बाई : 'म्हणजे आपण मागचा मजकूर तेवढा वाचलात. मला हे तेव्हाच कळायला हवं होतं. पण तेव्हा मी तिशीची होते आणि आपण आपण होतात. मला वाटलं, मी लिहिलेल्या शेजारणी इतक्या वाईट उतरल्या असतील की मोठ्या वाचकाला त्या बहिणी वाटल्या. पुढची अकरा वर्षं मी काही लिहिलं नाही. आता आपण दुसऱ्यांदा माझ्या पुस्तकावर ते न वाचता लिहिलंत. या वेळी मला वाईट वाटलं नाही. एवढंच कळवायचं होतं.' मग सही.

काका : ठसठशीत.

बाई : हो.

काका : तो आठवडा मला आठवतो. खोटं कशाला बोलू, आठवत नाही. सगळे आठवडे सारखेच होते. सात पुस्तकं यायची आणि शनिवारी मजकूर द्यायचा. दोन वाचायची, दोन चाळायची, उरलेली उलटी करून मागचं वाचायचं. सगळेच करायचे. सगळेच करायचे हे वाक्य मी आज सकाळपासून पंचवीसेक वेळा म्हणून पाहिलं. एकदाही बरं वाटलं नाही.

बाई : या वेळचा दोष माझा आहे. मी त्यांना कळवते. तुमचे डोळे नाहीत हे त्यांना कुठे ठाऊक?

काका : डोळे होते तेव्हाचं काय कळवाल? तुम्हाला ठाऊक आहे, मी गावोगाव व्याख्यानं द्यायचो. विषय एकच. पुस्तक वाचताना माणूस दुसऱ्याच्या घरात शिरतो आणि बाहेर येतो तेव्हा स्वतःला ओळखतो. टाळ्या पडायच्या. आणि ही मुलगी तीनशे पानं दार उघडून उभी होती. मी बाहेरची पाटी वाचली आणि ती पाटीसुद्धा चुकलेली.

बाई : ते व्याख्यान मी ऐकलंय. नर्सिंगचं शिकत होते तेव्हा. तुमच्यामुळे तर मी वाचायला लागले.

काका : हे आज सांगायलाच हवं होतं का?

बाई : चुकलं.

काका : एक विचारू? म्हातारे पुरुष माझ्याकडे बघून वाचवलेत, ठीक. पण ही तर म्हातारी. कुणाची तरी सासू. तिच्या मरणानं मला काय होणार होतं? ही कुणासाठी गाळलीत?

बाई : सवयीनं गेलं.

काका : सवयीनं एखादा परिच्छेद जातो. इथे अख्खं प्रकरण गेलंय.

बाई : मला सव्वासहाची बस गाठायची होती.

काका : बाई, आत्ताच मी तुमच्यासमोर उघडा पडलोय. मला एकट्याला थंडी वाजतेय.

बाई : माझ्या सासूबाई गेल्या ते सांगितलं होतं मी तुम्हाला.

काका : झोपेत गेल्या. तुम्ही उशाशी होतात. पाच महिने अंघोळ, औषधं, सगळं एकटीनं केलंत. मी म्हणालो होतो, अशी सून पुस्तकात घातली तर कुणी विश्वास ठेवणार नाही.

बाई : पाच महिने खरे आहेत. उशाशी नव्हते. खाली कँटीनमध्ये होते. चहा घेऊन बाकावर बसले होते.

काका : मग काय झालं? माणूस दमतो.

बाई : दमले नव्हते. त्यांनी सकाळपासून माझा हात धरून ठेवला होता आणि मला तो नको झाला होता. म्हटलं, पाच मिनिटं. दीड तास बसले. मग कर्ण्यावरून माझं नाव पुकारलं. दोनदा. तिसऱ्या मजल्यावर या म्हणून. आणि मी, काका, मी बसून राहिले. मनाशी म्हटलं, माझ्या नावाची दुसरी कुणी असेल.

काका : नुसतं नावच पुकारलं होतं?

बाई : आडनावासकट पुकारलं होतं. मी स्वतः त्याच इस्पितळात सहा वर्षं नोकरी केलेली. तसं पुकारतात म्हणजे काय झालेलं असतं, हे मला ठाऊक होतं. कप उचलून परत ठेवला. वर गेले तेव्हा चादर ओढलेली होती. यांना वाटलं, मी औषधं आणायला गेले होते. मी नाही म्हटलं नाही. मग तेरा दिवस जो येईल तो म्हणायचा, किती केलंस गं. अजून म्हणतात. तुम्हीही म्हणालात.

काका : आणि चौदाव्या प्रकरणात?

बाई : तशीच एक सून आहे. खाली बाकावर बसते. चहाऐवजी तिच्या मांडीवर म्हातारीचा स्वेटर आहे, तो ती घड्या घालते आणि मोडते. मला वाटलं, मला कुणीतरी बघत होतं. तुमच्यापुढे वाचायचं ते मी आदल्या रात्री घरी वाचून ठेवते, त्या रात्री जेवण गेलं नाही. मग दुसऱ्या दिवशी तुमच्यासमोर बसले, पुस्तक उघडलं आणि म्हटलं, 'प्रकरण पंधरा.'

काका : तिचं नाव काय ठेवलंय?

बाई : ठेवलेलं नाही. पुस्तकभर नुसतंच 'सून'.

काका : लेखिकेला माणसं बऱ्यापैकी कळतात, असं दिसतं.

बाई : उत्तरात हेच लिहू का? वही घेते.

काका : वही ठेवा. आज उत्तर नाही. मला काही लिहिण्याआधी वाचायची सवय लावून घ्यायचीय, थोडा उशीर झालाय इतकंच. ते पुस्तक घ्या. चौदावं.

बाई : आज?

काका : तुमच्यानं होणार नसेल तर डॉक्टरांना हाक मारतो.

बाई : नको. ते तिला भूल न देता वाचतील.

(बाई पुस्तक उघडून वाचू लागतात. बऱ्याच वेळानं थांबतात.)

काका : का थांबलात? सून बाकावर आहे, स्वेटर मांडीवर, परिचारिका जिन्यात येऊन हाक मारते. पुढे? जाते का ती वर?

बाई : ठाऊक नाही.

काका : म्हणजे?

बाई : मी इथवरच वाचलं होतं. इथे मिटलं.

काका : मग पुढचं आपण दोघंही पहिल्यांदाच ऐकणार. तुमची सव्वासहाची बस?

बाई : ती गेली मघाशीच. पान उलटते.

काका : एकच उलटा.

बाई : एकच आहे. बघा, हात लावून.