शकीलाबाईच्या घरचा देव

टीव्हीवर भोंग्यावरून भांडणं लागली का मले माय आठवते, भाऊ. वरोऱ्यात तवा आमच्याकडं टीव्ही नव्हता. माय शेजारच्या शकीलाबाईकडं रोज संध्याकाळी देवाची मालिका पाहाले जाये. देव दिसला का ती डोळे मिटून हात जोडे. तेवढ्यात अजान होये, अन् शकीलाबाई हळूच आवाज बंद करून नमाजाले आत जाये. मायले ते बटन कधी दिसलंच नाई. घरी येऊन ती कौतुकानं सांगे, "अजान सुरू झाली का आपला देवबी चूप बसते!"

पुढं मी नवा टीव्ही आणला. अजान झाली, देव बोलतच राह्यला.

माय भडकली, "वापस करून ये हा टीव्ही! ह्याच्यातल्या देवाले काही वळणच नाई!"