तेरवीचा फोटो अन् गायब झालेलं लिनक्स

मी मूळची केळझरची. माहा बाप गणपतीच्या देवळापाशी लोकायचे फोटो काढे, ते पाहू पाहू मी शिकली. लगन होऊन देवळीले आली तं नवऱ्याले म्हटलं, मले बांगड्या नको, स्टुडिओ टाकून दे. टाकला बाप्पा त्यानं, बस स्टँडसमोर. मंग मोबाइल आले, लोकं म्हणे आता तुमचं दुकान बसते, पण पासपोर्टचा फोटो अन् तेरवीचा फोटो काई बंद होत नाई. माणूस गेला का हार घालाले फ्रेम पाह्यजेच.

माह्या कॉम्प्युटरवर लिनक्स. पयले विंडोज होतं, वायरसनं एका लग्नाचे सारे फोटो खाल्ले, तवाच काढून टाकलं. आता माहा दीर नागपूरवून दिवाळीले आला, म्हणे वहिनी, अल्बमचं नवीन सॉफ्टवेअर विंडोजवरच चालते, बाजूले टाकून देतो, तुमचं जुनं तसंच राह्यते. मी चकल्या तळून राह्यली, तिकडे यानं टाकलंबी. थो गेल्यावर बटन दाबलं तं सरळ विंडोज, लिनक्सचं नावच नाई, अन् गिऱ्हाइकायचे सारे फोटो त्याच्यातच. फोन केला तं म्हणे, वहिनी, ते गेलं वाटते.

गेलं वाटते! काय सांगू तुम्हाले, तळपायाची आग मस्तकात गेली. त्यातच दुकानात अनुसया आजी आली, लेकाले घेऊन. तिचा म्हातारा वारलता. पेन्शनसाठी माह्याच इथं फोटो काढलता त्यानं, दुसरा धड फोटोच नाई, अन् तेरवी परवावर. वर्ध्याच्या दुरुस्तीवाल्याले इचारलं तं थो म्हणे फॉरमॅट मारा, सारं पुसून नवीन टाका. काऊन मारू? दाराचं कुलूप बदललं म्हणून आतली माणसं मरते काय? पण कोणाले काई नाई, ज्याले त्याले गेलं म्हणाची घाई!

कॉम्प्युटर चालू होताना लिनक्स का विंडोज असं जे इचारते, त्याले ग्रब म्हणते, विंडोजनं त्यालेच बाजूले सारलं होतं. माह्यापाशी लिनक्सचा पेन ड्राइव्ह होता, त्याच्यावरून कॉम्प्युटर चालू केला, मोबाइलवर व्हिडिओ पाहून ग्रब बसवला, तं बसला मेला पेन ड्राइव्हवरच! स्वतःलेच शिव्या दिल्या, अन् परत बसवला, या बारीले डिस्कवर. बंद करून चालू केला, अन् इचारलं ना त्यानं, लिनक्स का विंडोज!

आजी अन् तिच्या लेकासमोर म्हाताऱ्याची मूळ फाइल उघडली तं फोटोत बाजूले आजीबी, त्याची कॉलर नीट करून राह्यली. पेन्शनसाठी मीच तिले कापलं होतं. लेक म्हणे, ताई, आईले कापा, जित्या माणसाले हार नाई घालत. बरोबरच होतं त्याचं, पण आजी हळूच म्हणे, सारी जिंदगी याच्यापाशी बसली, फोटोत मातर मले कापाच लागते? मले असा राग आला, कोणावर ते कळेना. म्हटलं आजी, हाराचा वेगळा काढतो, हा अख्खा तुह्या घरात लाव, कोण काय म्हणते पाहू!

जाता जाता तिनं माह्या डोक्शावरून हात फिरवला. म्हणे, दुकान चालत राहो माय तुहं, अन् मी गेली का मलेबी याच्यातूनच काढजो. मी चिडली, म्हटलं, गप घरी जा आता. पण ते फाइल मी दोन ठिकानी ठेवली हाय.