सोफ्याच्या पायाला

काढा ते वेखंड. काढा म्हनते ना, विहीनबाई — आन् ती काजळाची डबी बी. श्रीगोंद्यावरनं येवढ्या लांब राहुरीला आलाय ना मला इचारायला, नेदरलँडला काय न्यायचं आन् काय न्हाई, मग ऐका की माझं. वेखंड उगाळून नातवाच्या जिभेला लावाया गेलात तर तुमची मोनिका आधी मोबाईलमधी बघंल ह्ये इख हाय का म्हनून, मग डॉक्टरणीला फोन करंल, आन् डॉक्टरीन म्हनंल पॅरासिटामॉल द्या. तिथं पाय मोडला तरी पॅरासिटामॉल. ओवा ऱ्हाऊ द्या, ओवा तुमाला लागंल, थंडीनं पोटात वारा धरतो. ती काय, गोधडी? न्हाई वो. तिथं पोराला पांघरून देत न्हाईत, पिशवीत घालत्यात — व्हय, पिशवीच, काखेपतूर आत आन् वरनं चेन, मग दिवा बंद करून दार लोटून घ्यायचं. कोन जवळ झोपत न्हाई. मी म्हनले, माझ्यापाशी निजू द्या की त्येला. तर तुमची लेक म्हनती, आई, त्याला सवय लागेल. आता आजीची सवय लागली तर काय जुगाराची लागली का?

आन् ह्ये आधीच सांगून ठिवते, मी आले ती माझ्या मनानं आले. लोकं इचारत्यात, चांगुणाबाई, तीन महिन्यांसाठी गेलता, सव्वा महिन्यात कशा परत आलात. आलं मनात, आले. करमंना. दिवसभर आभाळ भरलेलं, बोलायला माणूस न्हाई, शेजारीन दिसली की हात हलवायचा आन् दोघींनी आपापल्या घरात जायचं, झालं बोलनं. चेतन म्हनत हुता, ऱ्हा की आई आनखी — म्हनला आसंलच, तिकिटाच्या गडबडीत मला नीट ऐकू आलं न्हाई. आता आल्यापासनं बावीस दिवस झाले, अमृतचं तोंड न्हाई बघितलं फोनवर. आपल्या हितं रेंज न्हाई ना. कालव्याच्या कडंला जरा येती, तिथं जाऊन उभी ऱ्हाते मी सांजच्याला, पन त्यांचं टायमिंग जुळत न्हाई. तुमाला दिसतो व्हय? रोज? बरं हाय. श्रीगोंद्यात रेंज चांगली आसंल.

च्या घ्या, निवतोय.

पोरगं मातर काय सांगू तुमाला. हातात ठरत न्हाई. अकरा महिन्यांचं हाय, पन सकाळी डोळं उघडल्यापासनं त्येलाच हापिसात जायचं आसल्यागत घाई. रांगत निघालं की आधी बापाचे बूट चाटनार, तिथनं धुण्याच्या मशीनमधी डोकं घालनार. येक दिवस त्यानं चेतनचं हापिसात जायचं कार्ड त्या मशीनमधी टाकलं, कुनाला म्हाईत न्हाई, कार्ड सगळ्या कपड्यांसंगं धुऊन निघालं, मी आपलं चिमटा लावून वाळत घातलं चड्ड्यांच्या रांगंत. चेतन हासला न्हाई. आधी हासायचा वो तो. आन् ह्यांनी काय केलंय, पोर मोकळं सोडलंय आन् घराला कुलपं घातल्यात. कपाटाला चाप, ड्रावरला चाप, संडासाच्या झाकनाला बी चाप. पयल्या दिवशी मला ते झाकनच उघडंना. आता नव्या घरात, सुनंला उठवून काय सांगायचं? बसून ऱ्हायले आपली, ती उठूस्तवर. तुमी हासताय, हासा. तुमचा बी पयला दिवस यायचाय.

खायचं म्हनाल तर भरवायचं न्हाई. पोरानं आपल्या हातानं खायचं, तसं पुस्तकात हाय म्हनं. मग त्याच्या फुड्यात ती ब्रोकोली ठिवायची, बाभळीच्या शेंड्यावानी दिसती, तसलीच चव. निम्मी जाती केसात, निम्मी भिंतीला, आन् मोनिका बसती मोबाईलमधी लिहीत — काय खाल्लं, कितीला झोपला, शी किती येळा आन् कसल्या रंगाची. म्हनले, पोटात किती गेलं ते त्या भिंतीला इचार बाई. ती हापिसात गेली की मी आपली वरन-भात मऊ कालवून त्येला भरवायची, आ करायचा वो, आसा आ करायचा, चिमणीचं पिल्लू जसं. लिहायचं तिनं, भरवायचं मी. सांगू नका तिला, आता गेल्यावर तुमी बी त्येच करनार हाय.

आन् पट्टे. पट्ट्यांचं तर इचारूच नका. जेवायच्या खुर्चीला पट्टे, दोन खांद्यावरनं, दोन कमरंला, येक टांगंत — पाच. बाबागाडीला पाच. सायकलीच्या म्होरं ती लाकडी पेटी आसती, त्यात पोर बसवून पावसात नेत्यात गारठ्यात, तिथं बी पट्टे. मोटारीतल्या खुर्चीला तर आसले की इमान उडवायचंय. बाजारात मी माझ्या डोळ्यानं बघितलं, येका बाईनं पोराच्या पाठीला दप्तर आडकिवलेलं, आन् दप्तराला दोरी, दोरीचं टोक हिच्या हातात. दुसऱ्या हातात कुत्रं. दोघं बी बांधलेली. त्येला कोन काय बोललं का? न्हाई. दिवसातनं पाच ठिकानी पोर बांधलेलं चालतं, आन् माझं येक मऊ पातळ —

न्हाई, काय न्हाई. पातळाचं काय न्हाई. हे पापड बांधून देते, त्येवढे न्या.

तुमाला म्हाईत हाय व्हय? कवापासनं? आन् मगाधरनं नुसत्या मान हलवून ऐकताय. बरं. मोनिकानं सांगितलं आसंल तिच्या परीनं, आता माझ्याकडनं ऐका.

गुरवार हुता. दोघं हापिसात. पाळनाघरात नंबर लागंना म्हनून तर मला बोलिवलं हुतं, ते तुमाला ठावं हाय. मी भाकरी करत हुते — त्या शेगडीला जाळच न्हाई, काचंवर करायची, फुगत न्हाई, पन करायची आपली. आन् अमृत खाली. आता पाठीला डोळं न्हाईत मला. म्हनून माझं जुनं हिरवं पातळ घेतलं, त्याच्या कमरंला सैल गाठ मारली, दुसरं टोक सोफ्याच्या पायाला. लांब ठिवलं हुतं, चांगलं दोन-तीन पावलं हिंडता यावं आसं. हातात उलथनं दिलं. नाचत हुतं वो पोर, उलथनं फरशीवर आपटून. रडत नव्हतं, ह्ये कोन सांगत न्हाई. आन् तिथली घरं कशी, रस्त्याच्या बाजूला सगळी काच, आढ्यापासनं खालपतूर, आन् पडदा कुनीच लावत न्हाई. का लावत न्हाईत? चोरून काय करत न्हाई म्हनून दाखवायला, चेतन म्हनला. तर त्या काचंच्या भायेर येक बाई थांबली, कुत्रं घेऊन. आत बघाया लागली. महिन्याभरात पयल्यांदी कोनतरी माझ्या घराकडं बघून थांबलं. मी हात केला. भाकरी वर करून दाखिवली, म्हनलं येती का खायला. तिनं मोबाईल काढला. फोटु काढती म्हनल्यावर मी पदर डोक्यावर घेतला, हासले बी.

चौथ्या दिवशी दोघं जनं आली. येक पोरगी आन् येक बाप्या. पोलीस न्हाईत, पोरांना घरात कोन तरास देतं का ते बघनाऱ्या सरकारी हापिसातली, साध्या कापडात, सायकलीवरनं. लई गोड बोलत हुती. चेतन घरीच थांबलेला, मोनिका बी. त्या पोरीनं तो फोटु टेबलावर ठिवला. मी पदर घेऊन हासतीय, हातात भाकरी, पायापाशी अमृत, कमरंला माझं पातळ. फोटु चांगला आलाय वो, खरं सांगते. आमच्या दोघांचा तसा दुसरा न्हाई.

चेतन विंग्रजीत बोलला सगळं. मला विंग्रजी येत न्हाई, पन व्हिलेज कळतं की. ओल्ड कळतं. सॉरी तर आता म्हशीला बी कळतं. चारदा सॉरी म्हनला आन् येकदा व्हिलेज. माझ्याकडं बोट नव्हतं केलं, नुसती मान केली माझ्या बाजूला. आन् ह्यो कोन? ह्यालाच मी दोन वर्सं बांधावरच्या लिंबाच्या खोडाला लुगड्यानं बांधून ऊस खुरपलाय. मुंगळं चावायचे, रडायचा, आपला आपुन गप व्हायचा. बाजूला कालवा वाहत हुता भरून. बांधलेला हुता म्हनून कालव्यात गेला न्हाई, आन् कालव्यात गेला न्हाई म्हनून आज तिथं बसून आईला व्हिलेज म्हनतोय.

तुमच्या लेकीला मी लई बोलते, तुमच्या तोंडावर बी बोलले, बोलनारच. पन त्या लोकांच्या म्होरं तीच म्हनली मराठीत, चेतन, आई कधीच्या उभ्या आहेत, त्यांना आधी बसू दे. खुर्ची तिनं दिली मला. तिकीट माझ्या लेकानं बदललं.

तेवढं बोलले म्हनून लगेच डोळं पुसू नका. मी पुसलं न्हाईत.

काय म्हनालात? जिन्याला फाटक न्हाई का? हाय की. म्हंजी — हाय, चांगलं हाय, पांढरं, लोखंडी. मग बांधायची काय गरज... आता तुमी बी त्या पोरीवानी इचारताय.

बघू तुमचा हात. द्या हिकडं. हायच की, आंगठ्याची गाठ सुजलीय, माझ्यासारखीच. मग ऐका. त्या फाटकाचा खटका आसा हाय — आधी वर उचलायचा, मग आत दाबायचा, दाबून धरूनच सरकवायचा, आन् समदं येका हातानं, कारन दुसऱ्या हातात पोर. चेतननं मला दोनदा दाखवलं. दुसऱ्यांदा दाखवताना म्हनला, आई, सोपं आहे गं, आन् घड्याळाकडं बघितलं. आता तिसऱ्यांदा कसं इचारायचं? म्हनून मी फाटक नुसतं लोटून ठिवायची. लावल्यासारखं दिसायचं. पंधरा दिवस तसंच लोटून ठिवलं, कुनाला कळलं न्हाई. त्या गुरवारी भाकरी थापता थापता मागं बघितलं तर पोर न्हाई. तिथले जिने म्हंजी जिने न्हाईत, शिडी हाय उभी. पाचव्या पायरीवर हुतं. पाचव्या, मी मोजल्यात नंतर. येका हातानं पायरी धरलेली, आन् मान मागं करून माझ्याकडं बघून हासत हुतं. मी हाक बी मारली न्हाई, दचकंल म्हनून. कशी गेले, कसा उचलला, माझं मला ठावं न्हाई. पिठाचे हात हुते, त्याच्या आंगभर पीठ लागलं. त्येला घट धरून खाली बसले, आन् मग ते पातळ काढलं. रीत हाय म्हनून न्हाई बांधलं. भ्याले म्हनून बांधलं.

न्हाई, चेतनला न्हाई सांगितलं. कुनालाच न्हाई. त्यानं इचारलं, आई, का बांधलंस त्याला, तर म्हनले आपल्यात बांधत्यातच, तुला बी बांधलेलं. सांगायचं व्हय? आवो, काय सांगताय. गावंढळ म्हनला तर म्हनू द्या त्येला. गावंढळ आईला मानूस आज ना उद्या परत बोलावतं, राग जातो, पोर मोठं हुतं. पन जिनं फाटक लावलं न्हाई, जिचं ध्यान नसताना पोर पाचव्या पायरीवर गेलं, तिच्याकडं पोर कोन देईल? मी चेतनच्या जागी आसते तर मी न्हाई दिलं आसतं. तुमी बी बोलायचं न्हाई. शपथ घालत न्हाई, पन बोलायचं न्हाई.

विहीनबाई, माझं येक करा. तिथं दुपारी तुमी दोघंच आसनार, तुमी आन् तो. तवा मला फोन लावा. येवढाच, पाच मिनटं. नुसता त्याच्या म्होरं धरा, मी आवाज बी करनार न्हाई, लांबनं बघंन. तो बावीस दिवसांत ईसरला नसंल, पन लवकर ईसरत्यात वो ह्या वयात. दुपारी आपल्या हितं सांज आसती, मी कालव्यावर जाऊन थांबंन, रोज थांबते तशी. लावताल ना?

का वो. बोला की.

आसं. तुमाला बी बजावलंय त्यानं. काही दिवस, म्हनला. किती दिवस, ते न्हाई सांगितलं. म्हंजी रेंजचं न्हाई ते.

न्हाई, तुमचा काय दोष. लेकीच्या घरी चाललाय, जावयाचं ऐकायलाच पाहिजे, मी बी ऐकलं आसतं. द्या ती बॅग हिकडं, पापड खाली दाबू नका, मोडत्यात. वेखंड काढलं ना? हां. आन् हे बघा, गेल्यावर पयल्याच दिवशी तो खटका शिकून घ्या. जमला न्हाई तर परत इचारा. तिसऱ्यांदा इचारा, दहांदा इचारा, तो घड्याळाकडं बघंल, बघू द्या, लाजायचं न्हाई. लावल्याबिगर पोराला खाली सोडायचं न्हाई. कळलं ना?

उठा आता. साडेचारच्या यस्टीला गर्दी आसती, आन् नगरला बदलायची हाय तुमाला. न्हाई, मी येत न्हाई स्टँडापतूर. जावा तुमी.