हप्त्याचा फोन

बँकेच्या रांगेत माझ्या पुढे बाप-लेक उभे होते.

"शिक्षणाच्या कर्जात अख्खा पगार ओतला तरी नुसतं व्याजच फिटतंय, बाबा."

"म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. कम्युनिकेशनची डिग्री घेतलीस, तर पोरगी चार लोकांत बोलेल असं वाटलं होतं मला."

"बोलते की. कंपनीवाले लिहून देतात, मी माईकसमोर वाचते."

"दुसरीकडे बघ मग."

"कुठे बघू? वर्गातल्या दोघी दुकानात कपड्यांच्या घड्या घालतायत. त्या म्हणतात, तुझं बरंय."

"बरं. रोज सकाळी तो हप्त्याचा फोन येतो, त्याचं काय करायचं?"

"उचलू नका. माणूस नसतंच तिकडे, रेकॉर्डिंग असतं."

"माहितेय. 'नमस्कार, आपला हप्ता थकला आहे.' तूच ना ती?"

तिने हातातली भरणा-पावती उलगडली आणि पुन्हा घडी घातली.

"अगं, बाप आहे मी. 'नमस्कार' म्हणालीस तेव्हाच ओळखलं."

"एकदाच वाचून घेतलं हो माझ्याकडून. कुणाकुणाला लावतात, मला कुठे सांगतात? पण तुम्ही कट का नाही करत?"

"शेवटपर्यंत ऐकतो. घरी हल्ली तू बोलतेस कुठे?"